दौलताबादचे तळे आणि बांधाखालची वस्ती

पाणी आणि अस्पृश्यता यांचा संबंध सांगताना आपण बहुधा एकच बाजू सांगतो. पाणवठा बंद होता, ही ती बाजू. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले आणि पाण्यावरचा हक्क हा माणूसपणाचा हक्क आहे, हे या देशाला उघडपणे ऐकावे लागले. त्या तळ्याचा मुंबई उच्च न्यायालयातला निकाल मिळायला १७ मार्च १९३७ उजाडला. एका तळ्यासाठी दहा वर्षे गेली. हा इतिहास आपल्याला पाठ आहे आणि तो पाठ असलाच पाहिजे.

पण या संबंधाला दुसरीही बाजू आहे. अडवून ठेवलेले पाणी बांध फोडून बाहेर पडते, तेव्हा ते पहिल्यांदा कोणाच्या दारात येते? तळ्याच्या काठावर कोणाला उभे राहू दिले नाही, हे आपण लिहून ठेवले. तळ्याच्या बांधाखाली कोणाला राहावे लागले, याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. माणसाला पाण्यापासून दूर ठेवणाऱ्या नियमानेच त्याला फुटलेल्या पाण्याच्या वाटेवर बसवले, असे माझे म्हणणे आहे. धरणांची सुरक्षितता हा विषय अभियंत्यांचा म्हणून आपण सोडून दिला आहे. तो तसा सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

या प्रश्नाचे एक टोक दौलताबादला सापडते. देवगिरीचा किल्ला यादवांचा. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने त्यावर स्वारी केली. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलवण्याचा घाट घातला आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. भोवतालचा मुलूख कमी पावसाचा. एवढे शहर आणि एवढी फौज तेथे जगली ती साठवलेल्या पाण्यावर. आसपासच्या डोंगरांतील दऱ्यांत बांध घालून तळी केली गेली, मातीच्या नळांतून ते पाणी खाली वस्तीत आणले गेले, किल्ल्यात हत्ती हौदासारखे प्रचंड टाके बांधले गेले. पुढे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर खेळवली. पाणी अडवावे कसे, न्यावे कसे, याचे ज्ञान या मातीत जुने आहे. ते पाणी कोणी घ्यावे आणि कोणी घेऊ नये, याचा कायदाही तितकाच जुना आहे.

हा कायदा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दौलताबादच्या दरवाजात भेटला. १९३४ च्या सुमारास चळवळीतले सुमारे तीस कार्यकर्ते घेऊन ते वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. हा प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांत नोंदवून ठेवला आहे. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेले एक लहान तळे होते आणि त्याच्याभोवती दगडी फरसबंदी होती. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींपैकी काहींनी त्या पाण्याने हातपाय धुतले. ती दरवाजापाशी पोचतात न पोचतात तोच तळे बाटवल्याचा ओरडा झाला आणि जमाव शिव्या देत चालून आला. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला या तळ्यावर येऊ देणार नाही काय, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा जमाव गप्प झाला. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळाली, पण आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर. अट पाळली जाते की नाही हे पाहायला बरोबर हत्यारबंद शिपाई दिला गेला.

या प्रसंगावरून कोणा एका धर्माकडे बोट दाखवून मोकळे होणे सोपे आहे. महाडला तळे बाटले ते सवर्ण हिंदूंचे आणि दौलताबादला बाटले ते मुसलमानांचे. राज्य निजामाचे असो की इंग्रजांचे, पाण्याच्या काठावर जात पहारा देत होती आणि तिला सर्व राज्यांत शिपाई मिळत होते.

यानंतर सुमारे अकरा वर्षांनी घडलेली गोष्ट आपल्या लिखाणात फार थोडी येते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला आणि त्यानंतर दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी त्यांच्या देखरेखीखाली झाली. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग स्थापन झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. ज्या माणसाला एका तळ्याचे पाणी पायांवर घेऊ दिले नाही, त्याच्या हाताखाली देशातील नद्यांच्या नियोजनाची पहिली मध्यवर्ती संस्था उभी राहिली. धरणांच्या धोक्याची वर्गवारी कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वे आज हाच आयोग काढतो. म्हणून धरण सुरक्षिततेच्या कागदपत्रांशी आपला काही संबंध नाही, असे आपण म्हणता कामा नये. तो वारसा आपला आहे.

ही धोक्याची वर्गवारी म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. धरणाविषयी दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. पहिला, धरणाची प्रकृती कशी आहे? त्याला तडे आहेत काय, पाझर आहे काय, दरवाजे चालतात काय? दुसरा, हे धरण उद्या फुटले तर खाली काय होईल? किती माणसे मरतील, किती घरे, शेते, रस्ते, पूल वाहून जातील? धोक्याचा वर्ग या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असतो. धरण अगदी मजबूत असले, पण खाली गाव असले, तर त्याचा वर्ग वरचा लागतो. धरण मोडकळीस आलेले असले, पण खाली निव्वळ माळ असला, तर वर्ग खालचा लागतो. धरणात एक वीटही न हलता त्याचा वर्ग बदलू शकतो, कारण खाली नवी वस्ती उभी राहिलेली असते.

दुसरा प्रश्न वेगळा विचारला पाहिजे हे जगाला अनेक मृत्यूंनंतर कळले. अमेरिकेत पश्चिम व्हर्जिनियातील बफेलो क्रीक येथे २६ फेब्रुवारी १९७२ रोजी कोळशाच्या खाणीच्या कचऱ्याचा बांध फुटला. खाली खाणकामगारांच्या वस्त्यांची ओळ होती. १२५ माणसे मेली, हजारो बेघर झाली. अवघ्या चार दिवसांपूर्वी सरकारी तपासनिसाने तो बांध समाधानकारक ठरवला होता. कंपनीच्या बाजूने या घटनेला देवाची करणी म्हटले गेले. १९७६ साली टीटन धरण आणि १९७७ साली जॉर्जियातील टोकोआ येथील धरण फुटल्यावर तेथील सरकारने धरणांची मोठ्या प्रमाणावर तपासणी सुरू केली. मोठा, लक्षणीय आणि कमी धोका असे वर्ग तेथे रूढ झाले. बांधाची उंची मोजून भागत नाही, बांधाखालची माणसे मोजावी लागतात, हा त्या मृत्यूंचा धडा होता.

आपल्याकडे हा धडा किती पोचला? भारतीय मानकाने १९८५ साली सांडव्याची क्षमता ठरवण्यासाठी धरणांचे लहान, मध्यम आणि मोठे असे तीन गट केले. गट ठरतो तो साठा किती आणि पाण्याची उंची किती यांवरून. लहान धरणाचा सांडवा शंभर वर्षांच्या पुराला पुरला म्हणजे झाले. मोठ्या धरणाचा सांडवा मात्र संभाव्य महत्तम पुराला पुरला पाहिजे. शंभर वर्षांचा पूर म्हटले की तो आपल्या हयातीत यायचा नाही असे सामान्य माणसाला वाटते. तसा त्याचा अर्थ नाही. तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता दर वर्षी शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. पन्नास वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता याच हिशेबाने ४० टक्क्यांच्या जवळ जाते. खाली धोका विशेष असेल तर लहान धरणालाही मोठा पूर धरून सांडवा द्यावा, अशी सोय त्या मानकात आहे. पण धोका विशेष आहे हे कोणी तरी खाली उतरून पाहावे लागते. साहेब बांधावर उभा राहून पाणी पाहतो. मागे वळून खाली पाहणारा विरळा.

आणि खाली पाहिले तर काय दिसते? आपल्या पुष्कळ गावांची रचना आठवावी. नदीच्या किंवा ओढ्याच्या वरच्या अंगाचा पाणवठा सवर्णांचा, खालच्या अंगाचा अस्पृश्यांचा. वाहत्या पाण्याला विटाळ उलटा चढत नाही, या हिशेबाने महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर आणि पाण्याच्या खालच्या बाजूला. गावठाणाची उंच, कोरडी, सुरक्षित जागा गावाची. उताराची, नाल्याकाठची, पावसाळ्यात चिखल होणारी जागा यांची. विटाळाच्या शास्त्राने ठरवलेला हा नकाशा पुराच्या शास्त्राने तपासून पाहा. विटाळ जेथे संपतो तेथे पूर सुरू होतो.

यात एक क्रूर विसंगती आहे. गावकीत महाराचे काम काय होते? सीमेवर नजर ठेवणे, वेस राखणे, सरकारी सांगावा आणि मयताची खबर गावोगाव पोचवणे. सगळ्या गावाला वर्दी देणारा माणूस हा. धरणाचे दरवाजे उघडले, बांधातून गढूळ पाणी येऊ लागले, ही वर्दी त्याच्या वस्तीला कोण देतो? दवंडी चावडीपाशी पिटली जाते. नाल्याकाठी ती पोचायला पाण्याहून जास्त वेळ लागतो.

महाराष्ट्रात देशातली सर्वांत जास्त मोठी धरणे आहेत, दोन हजारांहून अधिक. शिवाय पाझर तलाव, गावतळी, लहान बंधारे वेगळेच. यातले कितीतरी बांध १९७२ च्या दुष्काळाने जन्माला घातले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. मराठवाड्यात जमीन नसलेला दलित, आदिवासी, भटका या कामांवर आधी गेला आणि शेवटी परतला. काळ्या मातीचा गाभा, त्यावर मुरमाचे कवच, पाण्याच्या अंगाला दगडी पिचिंग, हे सगळे बायाबापड्यांनी डोक्यावरच्या पाटीने रचले. सुकडी खाऊन रचले. पुढे रोजगार हमीवरही तेच झाले. बांध पुरा झाला, पाण्याचा लाभ ज्याची जमीन होती त्याला झाला. ज्याची जमीन नव्हती त्याच्या वाट्याला बांधाची खालची बाजू आली.

हा बांध मरतो कसा, हे तो रचणाऱ्यांच्या नातवंडांना ठाऊक असले पाहिजे. मातीचा बांध मुख्यतः दोन तऱ्हांनी जातो. एक, सांडवा अपुरा पडतो किंवा झाडोऱ्याने, गाळाने, कोणाच्या अतिक्रमणाने बुजतो आणि पाणी माथ्यावरून वाहू लागते. मातीच्या माथ्यावरून वाहिलेले पाणी ती माती तासातासाने कातरते. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मच्छू नदीवरील दुसऱ्या धरणाचे मातीचे बांध असेच गेले आणि मोरबी शहर बुडाले. दोन, पाणी बांधाच्या पोटातून वाट काढते. पाझर स्वच्छ असेल तर फार भिण्याचे कारण नाही. पाझर गढूळ झाला की बांध आतून माती ओकू लागला असे समजावे. माथ्यावरचा खचवा, लांबट भेग, खालच्या उतारावरची अवेळी हिरवळ, खोल मुळांची झाडे, उंदीर-घुशींची बिळे, या बांधाच्या दुखण्याच्या खुणा आहेत. त्या वाचायला पदवी लागत नाही.

१२ जुलै १९६१ च्या पानशेतने हे सगळ्या महाराष्ट्राला शिकवायला हवे होते. विमोचकाचे काम अपुरे असताना धरणात पाणी चढू दिले गेले. विमोचकावरचा भराव खचला, जवानांनी वाळूची पोती रचून झुंज दिली, पण सकाळी बांध गेला आणि दुपारपर्यंत त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फोडले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या पाण्याने जात पाहिली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वाडेही गेले आणि झोपड्याही गेल्या. पाण्याला जात नसतेच. जात असते ती घर कोठे बांधू दिले यात, इशारा कोणाला आधी मिळाला यात, आणि नंतर कोणाचे नुकसान कागदावर चढले यात. पानशेत शहरावर आले म्हणून त्याची चौकशी झाली, पुस्तके झाली, वर्धापनाला आठवणी निघतात. खेड्यातला पाझर तलाव फुटतो तेव्हा बातमी चार ओळींची असते आणि पंचनाम्यात शेतीचे नुकसान आधी लिहिले जाते.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. खालच्या भेंदवाडीतील घरे वाहून गेली, वीसहून अधिक माणसे मेली. धरणाला गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी सांगितले, खेकड्यांनी धरण पोखरले. बफेलो क्रीकला देव जबाबदार होता, तिवऱ्याला खेकडा. मातीच्या बांधात प्राणी बिळे करतात हे खरेच आहे. पण ती बिळे वेळेवर पाहावीत म्हणूनच तपासणी असते. ही वाडी दलितांची होती म्हणून हे उदाहरण घेतलेले नाही. धरण लहान, वाडी लहान आणि तक्रार करणारा माणूस लहान असला म्हणजे काय होते, ते दिसावे म्हणून घेतले आहे.

धोका फुटण्यातच असतो असेही नाही. दौलताबादच्या दक्षिणेला पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे १० किलोमीटर लांबीचा बांध आणि २७ दरवाजे. ऑगस्ट २००६ मध्ये वरून प्रचंड पाणी आले आणि सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी खाली सोडावे लागले. धरण शाबूत राहिले, पैठण आणि खालची गोदाकाठची गावे मात्र पाण्यात गेली. धरण वाचवण्यासाठी पाणी सोडणे हे नियमाला धरून असते. ते कोणत्या वस्तीत किती तासांनी पोचेल आणि तेथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना कोण हलवील, हेही त्याच नियमात असले पाहिजे.

धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आला. पानशेतला तेव्हा साठ वर्षे होऊन गेली होती. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, धोक्याची वर्गवारी, आणि जुन्या धरणांसाठी ५ वर्षांच्या आत आपत्कालीन कृती आराखडा, अशा तरतुदी त्यात आहेत. पण हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटर उंचीची असतील तर लांबी, साठा वगैरे काही अटी पुऱ्या करणाऱ्या धरणांनाच लागू आहे. १० मीटरच्या आतला पाझर तलाव, ज्याची माती आपल्या आज्यांनी वाहिली, तो या कायद्याच्या बाहेर आहे. बांधाच्या उंचीलाही गावकूस असते, असे म्हणावे लागते. शिवाय लहान तलाव कोठे जिल्हा परिषदेकडे, कोठे जलसंधारण विभागाकडे, मोठी धरणे जलसंपदा विभागाकडे. तक्रार घेऊन जाणारा माणूस एका दारातून दुसऱ्या दारात जातो आणि तेवढ्यात पावसाळा येतो.

आणखी एक अडचण मोजणीची आहे. धोक्याचा वर्ग बांधाखालच्या माणसांच्या संख्येवर ठरतो. पण गायरानावरच्या घराला सातबारा नसतो, गावठाणाच्या नकाशात ते नसते, ग्रामपंचायतीच्या लेखी ते अतिक्रमण असते. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला तेव्हा पडीक आणि गायरान जमिनीची मागणी ही भाकरीची मागणी होती. आज ती जीव वाचवण्याचीही मागणी आहे. जे घर कागदावर नाही ते वाहून गेले तरी कागदावर काही घडत नाही. मग बांधाखाली कोणी राहत नाही असे लिहिले जाते आणि तेथे धोका कमी ठरतो.

म्हणून गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी हे काम हातात घेतले पाहिजे. आपल्या वस्तीच्या वर कोणता तलाव, कोणता बांध आहे, तो कोणत्या खात्याचा आहे, त्याची शेवटची तपासणी कधी झाली, सांडवा मोकळा आहे काय, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. नाल्याकाठची घरे, कागदावर असोत नसोत, आपण स्वतः मोजून त्यांची यादी तहसीलदाराला आणि ग्रामसभेला द्यावी. पाझर गढूळ दिसला तर तारीख घालून लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. उद्या खेकड्याचे नाव पुढे आले तर तो कागद बोलेल. इशारा प्रथम बांधाखालच्या वस्तीत दिला पाहिजे, ही मागणी ठरावाने मांडावी. शाळेत महाडचा धडा शिकवताना गावच्या तलावाचा नकाशाही फळ्यावर काढावा.

महाडला आणि दौलताबादला प्रश्न काठावर उभे राहण्याचा होता. आज तो प्रश्न बांधाच्या खाली सरकला आहे. पाण्यावर आपला हक्क आहे तसा पाण्यापासून सुरक्षित राहण्याचाही आहे, आणि तोही कोणी आपण होऊन देणार नाही.